दहा पंचवीस ते पाच दहा

मुंबईला एक दिवस शॉपिंगला जायचं म्हटलं की आपल्या हॉस्टेलवरची गाडी थेट कोलाबा कॉजवेला जाऊन थांबते. जा, जरूर जा. पण तिथल्या ऑक्सिडाइज्ड अंगठ्या आणि टोट बॅगा बघताना 'हे एफसी रोडवर बघितलंय की!' असं तीनदा तरी वाटणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. तीन तास प्रवास करून तेच घ्यायचं असेल, तर पुणं काय वाईट आहे? मुंबईला जायचं ते पुण्यात जे मिळतच नाही त्यासाठी.

मला एक नॉब हवा होता. प्लॅस्टिकचा, एवढासा, नाण्याएवढा.

गोष्ट अशी की पुढच्या महिन्यात माझ्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांच्याकडे एक जुना अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा आहे. आईच्या बारशापासून ते तिच्या दहावीच्या निकालापर्यंतचे सगळे फोटो त्यातलेच. १२० चा रोल, एका रोलमध्ये मोजून बारा चौकोनी फोटो. तो रोल आजही मिळतो, महाग मिळतो, पण मिळतो. कॅमेऱ्याचं शटरही अजून 'टक्' वाजतं. फक्त रोल पुढे सरकवायचा नॉब तुटलाय. त्या दिवशी आजोबांचे बारा फोटो त्यांच्याच कॅमेऱ्याने काढायचे, असं मी घरात जाहीर करून बसले होते. आपल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार धरून तीन फेऱ्या झाल्या. हाती काही लागलं नाही. मग एकच जागा उरली : चोर बाजार.

तर प्लॅन ऐका. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि सीएसएमटीला १०.२५ ला सोडते. परतीची तीच गाडी ५.१० ला निघते. मधले पावणेसात तास तुमचे. ही गाडी १९३० पासून धावतेय आणि तिला डायनिंग कार आहे, म्हणजे डब्यात चक्क टेबल-खुर्ची आणि खिडकीत खंडाळ्याचा घाट. सकाळचं ऑम्लेट तिथे खा, पण एवढंच. पोट भरून उतरलात तर पुढे रडाल. आणि एक विनंती, वॉशरूमचं काम सीएसएमटीलाच उरकून घ्या. पुढच्या गल्ल्यांमध्ये ते शोधण्यात वेळ जातो, आणि मुलींचा जास्त जातो.

दिवस कुठलाही निवडा, शुक्रवार सोडून. शुक्रवारी चोर बाजारातली नेहमीची दुकानं बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर वेगळा बाजार भरतो, तो पहाटे उठणाऱ्या दर्दी लोकांचा. आपण १०.२५ वाले.

मी आणि माझी रूममेट नोव्हेंबरातल्या एका शनिवारी गेलो. प्रत्येकी दीड हजार रुपये, तिकीट वेगळं. स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची इमारत. आत शिरायच्या आधी दारावरच्या दगडी शिल्पांकडे मान वर करून बघा. ती लॉकवुड किपलिंगची, 'जंगल बुक'वाल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. शेजारच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद, स्टिकर, रिबिनी, वह्या असला होलसेल माल आहे. जर्नलिंग करणाऱ्यांनी इथे पैसे काढून मैत्रिणीकडे ठेवायला द्यावेत. माझ्या रूममेटने वॉशी टेपचा अख्खा डबा घेतला आणि 'गिफ्टला होतील' असं स्वतःलाच समजावलं.

तिथून मोहम्मद अली रोड धरून जे. जे. फ्लायओव्हरच्या सावलीतून सरळ चालत राहायचं. वाटेत मिनारा मशिदीपाशी सुलेमान उस्मान मिठाईवाला लागतो. तिथली 'अफलातून' नावाची मिठाई घरी न्यायला बांधून घ्या, दोन-चार दिवस सहज टिकते. (अफलातून म्हणजे अरबी-फारसीतला प्लेटो! तत्त्वज्ञाचं नाव मावा-तुपाच्या वडीपर्यंत कसं पोचलं, यावर कुणीतरी प्रोजेक्ट करा.) पुढे भेंडी बाजार. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांच्या कानाला हे नाव ओळखीचं असेल. भेंडीबाजार घराणं इथलंच आणि लता मंगेशकरांचे गुरू अमान अली खाँ याच घराण्याचे. आज तिथे साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे. जुन्या चाळी जाऊन काचेचे टॉवर उभे राहतायत. त्यामुळे 'नंतर कधीतरी जाऊ' म्हणू नका.

डावीकडच्या गल्ल्यांमध्ये शिरलं की मटण स्ट्रीट. हाच चोर बाजार. नावाबद्दल दोन दंतकथा आहेत. एक म्हणते की इथे इतका गोंगाट असायचा की 'शोर बाजार'चं चोर बाजार झालं. दुसरीत राणी व्हिक्टोरियाचं व्हायोलिन जहाजावरून गायब होतं आणि इथे विकायला दिसतं. कुठली खरी म्हणून विचारलं, तर प्रत्येक दुकानदार तिसरीच सांगतो.

काय काय दिसलं? जहाजांवरचे पितळी दिवे, टेलिफोनच्या नुसत्या डायली, एका पायाच्या खुर्च्या, दाराच्या मुठींनी भरलेल्या बादल्या, कुणाच्या तरी लग्नाचा पन्नास वर्षांपूर्वीचा अल्बम. हा शेवटचा बघून मला कसंतरीच झालं. रूममेटला घराच्या नंबराची एनॅमलची निळी पाटी सापडली, नंबर १७. आमच्या खोलीचा नंबर १७ आहे! अडीचशे रुपयांत ती पाटी आता आमच्या दारावर आहे आणि वॉर्डनने अजून पाहिलेली नाही.

आणि एका दुकानाबाहेर, फळीवर अंथरलेल्या चादरीवर, चार घड्याळांच्या मध्ये एक क्लिक थ्री होता. नॉबसकट.

मी उचलला. नॉब फिरवला. फिरला! दुकानातले चाचा चहा पीत होते.

"चाचा, कितने का?"

"बारा सौ."

आता मला घरून, यूट्यूबवरून, सगळीकडून एकच शिकवण मिळालेली. मुंबईत भाव निम्मा सांगायचा आणि 'नको मग' म्हणून चालायला लागायचं. चार पावलांत ते हाक मारतात.

"छह सौ," मी म्हटलं.

चाचा चिडले नाहीत. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, फडक्याने पुसला आणि चादरीवर ठेवला. "हजार. उसके नीचे नहीं होगा, बेटा."

माझ्याकडे हजार होते. तरी मी चालायला लागले. चार पावलं, दहा पावलं, गल्लीचं टोक. हाक काही आली नाही. 'येईल लायनीवर, तोवर आइस्क्रीम खाऊन येऊ,' असं मी रूममेटला म्हटलं. माझेच शब्द, नाकारत नाही.

आइस्क्रीम बोहरी मोहल्ल्यातलं, ताज आइस्क्रीमचं. १८८७ पासूनचं दुकान, अजूनही सांच्यात हाताने फिरवून करतात. सीताफळाचा सीझन होता. गराचे तुकडे दाताखाली येत होते आणि साखर बेताची. हे आइस्क्रीम तुम्ही खाल्लंच पाहिजे, यात मला शंका नाही. फक्त आधी खरेदी आटपून मग खा. परतायला आम्हाला पाऊण तास लागला. चादरीवर चार घड्याळं होती आणि त्यांच्या मध्ये चौकोनी रिकामी जागा.

"गया," चाचा म्हणाले. "एक लड़का ले गया. बारा सौ में."

माझा चेहरा बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. "वो फॅशन स्ट्रीट का तरीका है, बेटा. इधर एक ही पीस रहता है."

स्टुलावर बसून चहा पिताना मला जे कळलं, ते तुम्हाला फुकटात देते. 'चालायला लागा' ही युक्ती चालते, कारण पुढच्या स्टॉलवर तोच टी-शर्ट असतो आणि ते त्यालाही माहीत असतं. चोर बाजारात पुढचा स्टॉलच नाही. तिथे तुम्ही निघून गेलात तर दुकानदार वाट बघतो ती पुढच्या गिऱ्हाइकाची, तुमची नव्हे. शिवाय भंगाराच्या गोणीतून ती वस्तू वेचून, पुसून, चालू करून ठेवण्यात त्याचा वेळ गेलेला असतो. निम्मा भाव म्हणजे ती मेहनत शून्य धरणं. शेजारी एक काका दाराची पितळी मूठ विकत घेत होते. दहा मिनिटं भाव चालला, हसणं-खिदळणं झालं, पण त्यांनी मूठ एकदाही खाली ठेवली नाही. शेवटी शंभर रुपये कमी झाले आणि दोघंही खूश. मी मात्र कॅमेरा हातातून जाऊ दिला तिथेच संपलं होतं.

अर्थात, इथे सगळंच एकमेव नसतं, हेही चाचांनीच सांगितलं. चकचकीत कर्ण्याचे ग्रामोफोन बरेचसे नवीन बनवलेले असतात. सिनेमांची 'जुनी' पोस्टर्स बहुतेक नव्याने छापलेली. जुन्या पोस्टरला घडीच्या रेघा असतात, कडा पिवळ्या पडलेल्या असतात आणि किंमत ऐकून आपणही पिवळे पडतो. सरळ विचारायचं, "ओरिजिनल है या प्रिंट?" आम्हाला तिघांनी खरं सांगितलं. प्रिंट घ्यायला काहीच हरकत नाही, पण प्रिंटच्या भावात घ्या, आणि तिथे खुशाल घासाघीस करा. बिल नसलेला मोबाइल मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको. तो कुणाचा होता हे पोलिसांकडून कळायची वेळ येऊ नये.

अडीच वाजले होते. टॅक्सीने धोबी तलाव, मेट्रो सिनेमासमोर क्यानी अँड कंपनी. १९०४ चं इराणी हॉटेल. वाकलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, बरण्यांमध्ये खारी. मी खिमा-पाव घेतला, रूममेट शाकाहारी म्हणून तिने बन-मस्का आणि चहा, मग दोघींत एक मावा केक. मूड खराब असताना बन-मस्का चहात बुडवून खावा, असं मी ऐकलं होतं. मला दोन लागले.

तिथून आझाद मैदानाच्या कडेने फॅशन स्ट्रीट. खरं सांगू? इथे मला काहीच घ्यायचं नव्हतं. पण सूड उगवायचा होता. चारशेचा शर्ट, "दोनशे," चार पावलं, "अरे मॅडम, सुनो तो!" दोनशे वीसला आला. घेतला. आनंद काही झाला नाही. त्याच शर्टाचे पंधरा भाऊ पुढच्या पंधरा स्टॉलवर लटकत होते.

पावणेपाचला सीएसएमटी. गर्दीत धावत गाडी पकडण्यात काही थ्रिल नाही, वीस मिनिटं हातात ठेवून या. कर्जतच्या पुढे घाटात रेंज जायच्या आत मी आजोबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बारा सौ, छह सौ, सीताफळ, सगळं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "अगं, मी तो नवाकोरा शंभराच्या आत घेतला होता. तेव्हाही घासाघीस केली होती. दुकानदार हलला नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आइस्क्रीम कसं होतं?"

चाचांनी माझा नंबर वहीत लिहून घेतलाय. परवा त्यांचा फोन आला. एक क्लिक थ्री आलाय, भिंग फुटलेलं, पण नॉब ठीक आहे. 'आठ सौ' म्हणाले. शनिवारपर्यंत ठेवतो म्हणाले.

सव्वासातची गाडी आहे. आठशे रुपये पाकिटात वेगळे काढून ठेवलेत.