अडकलेली अक्कलदाढ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २५ या वयात येते. तोवर बाकीच्या २८ दातांनी जबडा व्यापलेला असतो. जागा पुरली नाही की ही दाढ तिरपी, आडवी किंवा अर्धवट हिरडीखाली अडकून राहते. मग एखाद्या दिवशी गाल सुजतो, तोंड उघडत नाही, कळ कानापर्यंत जाते. डॉक्टर दाढ काढायला सांगतात आणि घरीदारी सल्ल्यांची रीघ लागते. कुणी नजर जाईल म्हणतं, कुणी लवंग धरायला सांगतं, कुणी पूर्ण भूल घेऊन मोकळं व्हायला सांगतं. घाबरून काही जण वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात, तर काही जण काहीही न विचारता खुर्चीत जाऊन बसतात. दोन्ही टाळता येतं. दाढ काढायची का, कधी आणि कशी, याची उत्तरं तुमच्या एक्स-रेमध्ये आणि तुमच्या तब्येतीत असतात.

गैरसमज : अक्कलदाढ कधी ना कधी त्रास देतेच, म्हणून आधीच काढून टाकावी.

वस्तुस्थिती : सरळ आलेली, चावण्याच्या कामी येणारी आणि ब्रश पोहोचतो अशी दाढ काढण्याचं कारण नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं, की आजार नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढण्याची प्रथा बंद करावी. अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वेडेवाकडे होतात, हेही कारण पुराव्यावर टिकलेलं नाही. वारंवार हिरडी सुजणं, दाढेला किंवा शेजारच्या दाढेला कीड लागणं, हाडात गाठ तयार होणं, ही दाढ काढण्याची खरी कारणं.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

वस्तुस्थिती : पुढच्या बाजूला कललेली दाढ शेजारच्या दाढेला टेकते आणि त्या फटीत अन्न साचतं. तिथे ब्रश पोहोचत नाही. कीड शेजारच्या चांगल्या दाढेच्या मागच्या बाजूला लागते आणि कळ येईपर्यंत बरीच खोल गेलेली असते. अडकलेल्या दाढेभोवती पाण्याची गाठ झाली, तर तीही आवाज न करता हाड पोखरते. म्हणून दाढ काढायची नसली तरी तिच्यावर लक्ष हवं. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी आणि गरजेनुसार ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, करून घ्यावा.

गैरसमज : अँटिबायोटिकने सूज उतरली, आता दाढ काढायची गरज नाही.

वस्तुस्थिती : अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर असतो. त्याखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात आणि हिरडी सुजते. डॉक्टर ती जागा धुऊन काढतात, संसर्ग पसरत असेल तर अँटिबायोटिक देतात. त्याने भडका शमतो, पण पदर आणि त्याखालची खाच तशीच राहते. त्यामुळे दुखणं पुन्हा उलटतं. प्रत्येक वेळी औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या आणून खाणं धोक्याचं आहे. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवली तर हिरडी आणि गाल भाजतात. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बरं वाटेल, पण संसर्ग हटणार नाही. ताप, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, जबड्याखाली किंवा गळ्यापर्यंत सूज, श्वास अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

गैरसमज : एक्स-रेमध्ये दाढ आडवी दिसली की ती सर्वांत अवघड.

वस्तुस्थिती : पुढे कललेली दाढ सर्वाधिक आढळते आणि बहुतेक वेळा ती तुलनेने सोपी जाते. खालच्या जबड्यात मागे कललेली दाढ चित्रात जवळजवळ सरळ दिसते, पण जबड्याच्या मागच्या उभ्या हाडात शिरलेली असल्याने सर्जनची कसोटी पाहते. दाढ हाडात किती खोल आहे, मुळं वाकडी आहेत का, तोंड किती उघडतं, वय काय, हे सगळं जमेस धरावं लागतं. पंचविशीनंतर हाड अधिक घट्ट होत जातं आणि जखम भरायला वेळ लागतो. काढण्याचं कारण ठरलेलं असेल, तर विनाकारण वर्षं घालवू नयेत.

वरवरची दाढ अनुभवी बीडीएस डॉक्टर व्यवस्थित काढतात. खोल अडकलेल्या किंवा नसेजवळच्या दाढेसाठी या शस्त्रक्रियेतले एमडीएस, म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन, गाठावेत. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय किंवा बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत.

गैरसमज : अवघड दाढ पूर्ण भूल दिल्याशिवाय काढता येत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक अडकलेल्या दाढा फक्त जागेवर भूल देऊन, खुर्चीतच काढल्या जातात. हिरडी थोडी उघडून, आड येणारं हाड बाजूला करून, गरज पडल्यास दाढेचे तुकडे करून ती बाहेर काढतात आणि टाके घालतात. भूल नीट चढली की कळ जाणवत नाही. दाब, धक्के आणि यंत्राचा आवाज मात्र जाणवतात, आणि हे आधी माहीत असलं की धीर टिकतो. मध्येच दुखलं तर हात वर करावा, भूल वाढवता येते.

फार भीती वाटणाऱ्यांसाठी गुंगीचं औषध हा मधला मार्ग आहे. त्यात जागेवरची भूल असतेच, शिवाय मन शांत होतं. सोबत घरचं माणूस लागतं आणि त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. चारही दाढा खोल असतील, गाठ मोठी असेल किंवा रुग्णाला खुर्चीत सहकार्य करणं शक्यच नसेल, तर रुग्णालयात पूर्ण भूल योग्य ठरते. तिच्यासाठी आधी तपासण्या होतात, जेवण सहसा सहा तास आधी थांबवतात आणि खर्चही वाढतो.

चारही दाढा एकाच वेळी काढाव्यात की टप्प्याटप्प्याने, हेही भुलीशी जोडलेलं आहे. पूर्ण भुलीत एकदाच सगळं उरकतं. जागेवर भूल देताना अनेक सर्जन एका बाजूच्या वरच्या-खालच्या दाढा एका वेळी काढतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने जेवता येतं.

गैरसमज : नस दुखावली की तोंड वाकडं होतं.

वस्तुस्थिती : खालच्या दाढेच्या मुळांजवळून जाणारी नस ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. जिभेच्या बाजूची नस जिभेची जाणीव सांभाळते. चेहरा हलवणारी नस वेगळी आहे. दाढेजवळची नस दुखावली तर ओठ किंवा जीभ बधिर राहते, चेहरा लोंबत नाही. हा बधिरपणा बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. कायमचा राहण्याचं प्रमाण एकूण रुग्णांत १ टक्क्याहून कमी आहे, पण मुळं नसेला चिकटलेली असतील तर धोका वाढतो.

म्हणून ओपीजीमध्ये मुळं आणि नस एकमेकांवर आलेली दिसली, तर सर्जन सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सांगू शकतात. धोका खरोखर जास्त असेल आणि दाढ किडलेली नसेल, तर तिचा वरचा भाग काढून मुळं जागीच ठेवण्याची पद्धतही आहे. तिला कोरोनेक्टमी म्हणतात. पुढे ती मुळं वर सरकली तर दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हे समजून घेऊनच तिला होकार द्यावा.

गैरसमज : वरची दाढ काढली की नजर कमी होते.

वस्तुस्थिती : या एका भीतीपायी कितीतरी माणसं सडलेली दाढ तोंडात बाळगतात. दातांची जाणीव नेणारी नस आणि दृष्टी देणारी नस पूर्ण वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. क्वचित इंजेक्शनच्या भुलीने थोडा वेळ धूसर किंवा दुहेरी दिसू शकतं, भूल उतरली की ते थांबतं. चाळिशीत चष्मा लागतो आणि त्याच वयात दाताची दुखणीही वाढतात. दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणून एकीचा दोष दुसरीला लागत नाही.

गैरसमज : मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर दाढ काढता येत नाही.

वस्तुस्थिती : साखर आटोक्यात असेल तर मधुमेहींचीही दाढ काढता येते. उलट दाढेतला संसर्ग राहिला तर साखर आवरणं कठीण जातं. हृदयविकारासाठी चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. त्या थांबवल्याने हृदयाला किंवा मेंदूला बसणारा फटका दाढेच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर असतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील, गर्भारपण असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

गैरसमज : दाढ काढल्यावर सूज वाढली म्हणजे काहीतरी बिघडलं.

वस्तुस्थिती : सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरते. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ फिरवावा, जोराने चूळ भरू नये, थुंकत राहू नये, स्ट्रॉ वापरू नये. २४ तासांनंतर मिठाच्या कोमट पाण्याने हळुवार चूळ भरावी. मऊ वरणभात, गार नाचणीची आंबील, ताक, दही चालतं. भूल उतरण्याआधी गरम काही घेतलं तर ओठ किंवा जीभ भाजली तरी कळत नाही.

जखमेतली रक्ताची गुठळी निसटली तर उघड्या हाडाला असह्य ठणका लागतो. दुखणं कमी होत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढलं, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि आराम पडतो. विडी, सिगारेट, गुटखा, तंबाखूची मिश्री जखम भरू देत नाहीत. निदान टाके निघेपर्यंत त्यांना हात लावू नये.

होकार देण्याआधी डॉक्टरांना एक्स-रे समोर ठेवून विचारा : ही दाढ नेमकी कशासाठी काढायची? नाही काढली तर काय होईल? नस किती जवळ आहे? माझ्यासाठी कोणती भूल आणि का? अशा दाढा तुम्ही नेहमी काढता का? हे विचारणं हा उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे. उत्तरं पटली तर निर्धास्तपणे दाढ काढून घ्या. शंका उरली आणि तातडीचा संसर्ग नसेल, तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या.