पुरवठा साखळीचे मोजमाप: डिचोलीच्या लोहखनिजाचे उदाहरण

पुरवठा साखळीची कामगिरी दोन पातळ्यांवर मोजतात: एका कंपनीच्या आत आणि कंपन्या-कंपन्यांमध्ये. गोव्यातील डिचोली तालुक्यातील लोहखनिजाच्या प्रवासात हा फरक स्पष्ट दिसतो. टिपर ट्रक खाणीतला माल मांडवी नदीकाठच्या सारमानससारख्या जेटीवर आणतात. तेथून बार्ज, म्हणजे मालवाहू होड्या, तो मुरगाव बंदरात नेतात आणि पुढे तो जहाजात चढतो.

खाण कंपनी आपल्यापुरते टिपरच्या फेरीचा वेळ, टनामागचा खर्च आणि जेटीवरचा साठा मोजते. मात्र टिपर वेगाने धावले आणि बार्ज वेळेवर आले नाहीत, तर जेटीवर नुसता ढीग वाढतो. म्हणून कंपन्यांमधल्या सांध्यांवरची मापे महत्त्वाची ठरतात. जहाज करारातील मुदतीत भरले नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, पडतो. मालाचे वजन जहाज पाण्यात किती बुडाले यावरून काढतात. किंमत लोहाच्या प्रमाणावर व ओलाव्यावर ठरते.

तुलना समान परिस्थितीतच करावी लागते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारी नदीत उतरतात. ती फेरी उन्हाळ्यातल्या फेरीशी ताडून पाहता येत नाही.

1996 पासून प्रचलित असलेली ‘स्कोर’ ही पुरवठा साखळी मोजण्याची चौकट विश्वासार्हता, तत्परता, लवचिकता, खर्च आणि मालमत्तेचा वापर असे निकष एकत्र पाहते. दुवे एकमेकांवर किती अवलंबून असतात हेही दिसले आहे: 2012 आणि 2018 मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा टिपर आणि बार्ज दोन्ही उभे राहिले. साखळीचे यश सर्व दुव्यांचे मिळूनच मोजावे लागते.