मोट ओढली जाते, पण भरते का?

या पानावर बियाणं-खतांचं वाचायची तुम्हाला सवय. आजचा विषय वेगळा, पण शेत कसणाऱ्याच्याच जिवाचा. शिवारफेरीत चाळिशीतला गडी सांगतो, "साहेब, बीपी निघालंय म्हणे. पण मला काय होतंय? अजून पोतं उचलतो की!" गोळ्या फडताळात पडून.

काही होत नाही, हीच तर गोम आहे. हृदयाचा डावा खालचा कप्पा दिवसाला सुमारे एक लाख ठोके देऊन सगळ्या अंगाला रक्त पोचवतो. धमन्यांतला दाब कायम चढा राहिला की प्रत्येक ठोक्याला त्याला जादा रेटा द्यावा लागतो आणि त्याची भिंत जाड होत जाते. पैलवानाच्या दंडासारखी ही कमाई नव्हे, बरं का. भिंत ताठर होते.

जुन्या मंडळींनी मोट पाहिलेली आहे. तिचं कातडं कडक झालं, तर बैल कितीही जोर लावोत, मोट नीट उघडत नाही, पुरती भरत नाही. हृदयाचा पहिला बिघाड बहुधा असाच असतो. आकुंचन ठीक दिसतं, पण सैल पडून भरणं बिघडतं. इकोत 'पंपिंग ६० टक्के' आलं की माणूस खुशीत घरी येतो. तो आकडा कप्प्यात आलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेलं एवढंच सांगतो. भरताना अडलं की तुंबलेल्या पाटासारखा मागे फुप्फुसांत दाब वाढतो. मग बांध चढताना दम लागतो आणि आपण म्हणतो, वय झालं! कष्टात नाडी धावते, भरायला वेळ कमी मिळतो, म्हणून त्रास आधी तिथंच कळतो.

दाब वेळेत आटोक्यात आला, तर ही जाडी कमीही होऊ शकते. त्यासाठी गोळी रोजची. सुगीच्या धांदलीत किंवा बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, तेही ठेचा-लोणचं-पापडातलं धरून. मिश्री-तंबाखूचं काय सांगावं, तुम्हाला ठाऊकच आहे.

तिशी ओलांडलेल्यांनी, घरच्या बायकांनीसुद्धा, गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसावं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टरांना गाठा, आणि दम लागत असेल तर तेही न विचारता सांगा.