आधी खिडकीतून बघा

रेंजफाइंडर कॅमेरा जुन्या बाजारातून घ्यायचा असेल तर आधी लेन्स बघू नये, नाव तर मुळीच बघू नये. डोळा मागच्या खिडकीला लावावा आणि मधोमध फिकट पिवळा चौकोन दिसतो का ते पाहावं. तो स्वच्छ दिसला तरच पुढची बोलणी. नाहीतर कॅमेरा कितीही चकचकीत असो, परत द्यावा. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्रकाशशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते आणि गेली अनेक वर्षं फिल्मवर फोटो काढते. फिल्मचं वेड लागलेली मुलं मला विचारतात, ‘‘मॅडम, कुठला घेऊ?’’ त्यांना मी हेच सांगते.

कारण या कॅमेऱ्याचं मर्म त्या चौकोनात आहे. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. आत तिरका आरसा असतो आणि बटण दाबलं की तो वर उडतो. रेंजफाइंडरमध्ये तो आरसा नाही. बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. त्या खिडकीपासून थोड्या अंतरावर आणखी एक बारीक खिडकी असते. तिथून आलेलं चित्र आतल्या अर्धपारदर्शक काचेवर पडतं आणि मधल्या चौकोनात उमटतं. समोरचा माणूस त्यामुळे चौकोनात दुहेरी दिसतो. लेन्सची रिंग फिरवली की आतली दांडी हलते, दुसरं चित्र सरकत जातं. त्याच्या चष्म्याची दुहेरी दिसणारी काडी एकच झाली, की फोकस झाला.

आरसा नसल्यामुळे धक्का नाही, आवाज नाही. एक तीसांश सेकंदावर, हात स्थिर असेल तर एक पंधरांशावरही, हातात धरून फोटो निघतो. देवळाच्या सभामंडपात, एसटीत, स्वयंपाकघरात हा कॅमेरा कुणाच्या लक्षातही येत नाही. मला तो आवडतो तो यासाठी. पण फुलाचा जवळून फोटो किंवा झाडावरचा धनेश हवा असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये. बहुतेक रेंजफाइंडर ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटरच्या अलीकडे फोकस होत नाहीत आणि लांब लेन्सला त्यांचा चौकोन पुरत नाही.

आता पैशाचं. १९५४ साली आलेला लायका एम३ अजूनही अप्रतिम चालतो, पण तो मध्यमवर्गीय बजेटमध्ये बसत नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू. सगळं मिळून पंधरा हजार खर्च करायची तयारी असेल तर कॅमेऱ्यावर दहाच्या वर जाऊ नका. उरलेले सर्व्हिसिंगला आणि रोलला लागतात. रोल महाग झाले आहेत, धुऊन स्कॅन करून घ्यायचे पैसे वेगळे. कॅमेरा घेऊन रोलला पैसे उरले नाहीत म्हणून तो कपाटात पडून राहिलेला मी पाहिला आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

या पैशात माझी पहिली पसंती जपानी, लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यांना. साठ आणि सत्तरच्या दशकांत कॅनन, मिनोल्टा, याशिका, कोनिका, ऑलिंपस या सगळ्यांनी हौशी कुटुंबांसाठी असे कॅमेरे बनवले. लेन्स साधारण ४० ते ४५ मिलिमीटरची, ॲपर्चर बहुधा एफ/१.७ किंवा एफ/१.८, शटर लेन्सच्याच आत. लेन्स बदलता येत नाही ही उणीव वाटते, पण कारखान्यात लेन्स आणि चौकोन एकमेकांशी जुळवूनच दिलेले असतात, हा फायदा मोठा आहे. अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ रोजी फ्रेंडशिप ७ यानातून पृथ्वीभोवती फिरला तेव्हा त्याच्याजवळ अन्स्को नावाने विकला जाणारा मिनोल्टाचा हाय-मॅटिक होता. फ्लोरिडातल्या एका साध्या दुकानातून त्याने तो स्वतः विकत घेतला होता.

कोकणात यातला सगळ्यात जास्त सापडतो तो याशिका इलेक्ट्रो ३५. आखातात नोकरीला गेलेली माणसं येताना आणायची. आता ते कॅमेरे लोखंडी कपाटातून बाहेर पडताहेत. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्याची ४५ मिलिमीटर एफ/१.७ लेन्स सुरेख आहे. पण तो पूर्णपणे सेलवर चालतो. सेल नसेल तर शटर फक्त एक पाचशांश सेकंदावर उडतं. त्याचा मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. सहा व्होल्टचा छोटा सेल अडॅप्टर लावून घालावा लागतो, आणि तो छान चालतो. शिवाय याच्या पोटात एक रबरी गादी असते. ती वयोमानाने विरघळली की एक्स्पोजर चुकायला लागतं. ओळखायची खूण सोपी आहे: रोल पुढे नेणारी दांडी ओढताना आतून ‘खट्’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर गादी गेली समजा आणि दुरुस्तीचे पैसे धरून भाव करा.

माझं मत विचाराल तर इलेक्ट्रोपेक्षा कॅननेट क्यूएल१७ जी-थ्री किंवा मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस बरा. दोन्हींचं शटर यांत्रिक आहे. सेल मेला तरी वेग आणि ॲपर्चर हाताने लावून फोटो काढता येतो. प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल यांनाही मिळत नाहीच. कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, तो जवळपास चालतो. मात्र त्याचं स्टिकर काढलं की काही आठवड्यांत संपतो. मी मीटरशिवायच काढते. भर उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका, हा जुना नियम आपल्या उन्हाला व्यवस्थित लागू पडतो. यांचा कमाल वेग एक पाचशांश सेकंद आहे, म्हणून मे महिन्यात चारशेचा रोल घालू नका. शंभर-दोनशेचा घाला, म्हणजे ॲपर्चर उघडायला वाव राहतो.

लेन्स बदलायचीच असेल तर सोव्हिएत कॅमेरे आहेत. खारकिव्हचा फेड १९३४ पासून बनू लागला, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा झॉर्की १९४८ पासून. दोन्ही लायकाच्या जुन्या स्क्रू-माउंट कॅमेऱ्यावरून घेतलेले, ३९ मिलिमीटरच्या आट्यांचे. झॉर्की-४ आणि ज्युपिटर-८ ही जोडी मी मनापासून सुचवीन. ५० मिलिमीटर एफ/२ ची ही लेन्स झाइसच्या सोन्नारच्या आराखड्यावर आधारलेली आहे आणि चेहऱ्यावरचा प्रकाश फार मायेने टिपते. शटर चढवल्याशिवाय झॉर्कीच्या वेगाच्या चकतीला हात लावायचा नाही, आतली यंत्रणा बिघडते. त्याचे पडदे कापडी असतात. लेन्स काढून, मागचं झाकण काढून, पडद्यामागे टॉर्च धरा. सुईएवढी भोकं चमकली तर प्रत्येक फोटोवर पांढरे ठिपके येणार.

इथे दोन फसवणुकी होतात. पहिली म्हणजे सोनेरी मुलाम्याचा, जर्मन गरुड कोरलेला ‘युद्धातला लायका’. तो बहुतेक वेळा फेड किंवा झॉर्की असतो. लेन्स काढून आत बघा: खऱ्या लायकात लेन्सला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला गोल चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात सपाट धातूचा तुकडा. दुसरी फसवणूक बरेचदा अजाणता होते. झेनिट एसएलआरच्या जुन्या लेन्सचे आटेही ३९ मिलिमीटरचेच. इंडस्टार-५० अशा झेनिटसाठीही निघाली आहे. ती झॉर्कीवर गर्रकन बसते, पण ती फिल्मपासून ४५.२ मिलिमीटरवर बसण्यासाठी बनवलेली आणि हा कॅमेरा तिला २८.८ मिलिमीटरवर धरतो. एकही फोटो स्पष्ट येत नाही. म्हणून सोव्हिएत लेन्स आणि बॉडी एकत्र, एकमेकांवर बसलेलीच घ्या.

परवा एक माजी विद्यार्थी पुण्याच्या जुन्या बाजारातून कॅननेट घेऊन आला. आम्ही तो भगवती किल्ल्यावर नेला. फोकस अनंतावर लावून मी दूरवरचं गलबत चौकोनात घेतलं. डोलकाठी आडव्या दिशेने नीट जुळत होती, पण एक प्रतिमा दुसरीच्या केसभर वर राहत होती. हा उभा दोष बारीक असेल तर जाणत्या कारागिराच्या हातून निघतो. मग लेन्समागून टॉर्च टाकला. मधल्या दोन काचांच्या सांध्यात कोळिष्टकासारखे बारीक तंतू पसरले होते. ही बुरशी. पुढच्या किंवा मागच्या काचेच्या बाहेरच्या अंगाला असती तर पुसली गेली असती. चिकटवलेल्या काचांमध्ये शिरली की ती निघत नाही. ‘‘फोटो येतील?’’ त्याने विचारलं. येतील, उन्हासमोर धूसर येतील. मी त्याला तो परत करायला लावला, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात ती आणखी पसरणार होती.

चौकोन फिका पण जुळत असेल तर एक सोपा उपाय आहे. मोठ्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा लहानसा तुकडा चिकटवायचा. मागचं चित्र तिथे मंद होतं आणि दुसरं चित्र उठून दिसतं. आतल्या अर्धपारदर्शक काचेचा मुलामाच उडाला असेल तर मात्र उपाय नाही.

घेतल्यावर पहिला रोल फिरायला जाऊन संपवू नका. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, एक मीटरवरून पूर्ण ॲपर्चर उघडून काढा. मग कुंपणाच्या गजांची रांग तिरकी धरून मधल्या गजावर फोकस करून काढा. स्पष्ट दिसणारा गज दुसराच निघाला तर चौकोन आणि लेन्स यांचं जुळत नाही. प्रत्येक फोटोचा वेग आणि ॲपर्चर वहीत लिहा. विक्रेत्याकडून परतीची मुदत आधीच लिहून घ्या आणि रोल धुऊन येईपर्यंत ती संपणार नाही एवढी ती मागा.