पक्ष नकोत म्हणणाऱ्यांनीच पक्ष उभे केले

अमेरिकेच्या पहिल्या राज्यकर्त्यांविषयी आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक आदराच्या सुरात. वॉशिंग्टन, जेफर्सन, हॅमिल्टन, मॅडिसन ही सगळी एकदिलाची, ध्येयानं भारलेली माणसं होती आणि पक्षांचं राजकारण मागाहून शिरलं, असं चित्र भाषणांतून आणि अग्रलेखांतून वारंवार उभं राहतं. आदर रास्त आहे, चित्र मात्र खरं नाही. ते दुरुस्त केल्यानं त्या माणसांची थोरवी कमी होत नाही. त्यांनी खरोखर काय साधलं, ते उलट तेव्हाच कळतं.

गैरसमज: वॉशिंग्टन यांच्या काळात पक्ष नव्हते

१७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नाही, हे खरं. वॉशिंग्टन यांना १७८९ आणि १७९२ या दोन्ही वेळी राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाचं मत मिळालं, हेही खरं. पण पक्षांचं बीज त्यांच्याच मंत्रिमंडळात पडलं, आणि तेही पहिल्या दोन वर्षांत.

भांडणाचं मूळ पैशात होतं. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९० मध्ये योजना मांडली: स्वातंत्र्ययुद्धाचं सगळं कर्ज, राज्यांच्या डोक्यावरच्या कर्जासकट, केंद्र सरकारनं घ्यावं आणि रोख्यांची पूर्ण किंमत द्यावी. देशाची पत उभी करायची तर दुसरा मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण ज्या सैनिकांना पगाराऐवजी हे कागद मिळाले होते, त्यांतल्या अनेकांनी ते गरजेपोटी कवडीमोलानं विकून टाकले होते. आता फायदा होणार होता तो सट्टेबाजांचा. मूळ धारकांनाही वाटा द्या, असा ठराव जेम्स मॅडिसन यांनी प्रतिनिधीगृहात आणला. तो पडला. व्हर्जिनियासारख्या राज्यानं आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, त्यानं मॅसॅच्युसेट्सचा भार का उचलावा, हा दुसरा प्रश्न. त्या वर्षी तडजोड झाली. राज्यांचं कर्ज केंद्रानं घ्यायचं आणि कायमची राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीच्या काठी न्यायची, असं ठरलं.

१७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेचा प्रश्न आला आणि तडा रुंदावला. बँक काढण्याचा अधिकार घटनेनं दिलेलाच नाही, असा लेखी अभिप्राय परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांनी दिला. हॅमिल्टन यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. वॉशिंग्टन यांनी बँकेच्या विधेयकावर सही केली. त्याच वर्षी जेफर्सन यांनी फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात २५० डॉलर वार्षिक पगारावर अनुवादक नेमलं, आणि फ्रेनोनं ‘नॅशनल गॅझेट’ हे पत्र काढून हॅमिल्टनवर तोफ डागायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूला जॉन फेनोचं ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हॅमिल्टनची बाजू लावून धरत होतं. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री वर्तमानपत्रांतून एकमेकांशी लढत होते. याला पक्ष म्हणायचं नाही तर कशाला? हॅमिल्टन यांची बाजू फेडरलिस्ट, तर जेफर्सन आणि मॅडिसन यांची बाजू रिपब्लिकन म्हणून ओळखली जाऊ लागली.

पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातल्या युद्धानं ही फूट गावोगाव नेली. जॉन जे यांनी इंग्लंडशी केलेला करार, म्हणजे ‘जे-करार’, १७९५ मध्ये सिनेटनं २० विरुद्ध १० मतांनी मंजूर केला. लागत होत्या तेवढ्याच दोन-तृतीयांश मतांवर तो तरला. वॉशिंग्टन स्वतःला पक्षातीत मानत राहिले, पण कर्ज, बँक आणि हा करार या तिन्ही मोठ्या प्रश्नांवर त्यांचं वजन हॅमिल्टनच्या पारड्यात पडलं.

गैरसमज: वॉशिंग्टन यांनी निरोपाच्या भाषणात पक्षांविरुद्ध इशारा दिला

ते भाषण झालंच नाही. सप्टेंबर १७९६ मध्ये तो मजकूर फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये निवृत्तीचा विचार केला तेव्हा पहिला मसुदा मॅडिसन यांनी लिहिला होता. १७९६ चा मजकूर मुख्यतः हॅमिल्टन यांनी घडवला. पक्षबाजीविरुद्धचा तो प्रसिद्ध इशारा वॉशिंग्टन यांच्या मनातलाच होता, पण त्याला शब्दरूप देण्याचं बरंचसं काम फेडरलिस्ट पक्षाच्या म्होरक्यानं केलं.

गैरसमज: जेफर्सन यांचा रिपब्लिकन पक्ष तोच आजचा रिपब्लिकन पक्ष

नाही. आजचा पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी निघाला. फेडरलिस्ट या नावानंही असाच घोटाळा होतो. राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेले ‘द फेडरलिस्ट’चे ८५ लेख हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांचे आहेत. त्यांतले मॅडिसन फेडरलिस्ट पक्षात कधीच नव्हते, ते त्याच्या विरोधी पक्षाचे संस्थापक होते.

गैरसमज: त्या काळचं राजकारण सभ्य होतं

१७९८ मध्ये फेडरलिस्ट बहुमतानं राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, द्वेषमूलक लिखाण करणं गुन्हा ठरला. संरक्षणाच्या या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते, कारण त्या पदावर जेफर्सन होते! कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ ला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी संपणार होती. हेतू लपवण्याची तसदीही घेतलेली नव्हती. व्हर्माँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंग आणि १,००० डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं.

मग १८०० ची निवडणूक झाली. प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं होती, पण कोणतं मत राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि कोणतं उपराष्ट्राध्यक्षपदासाठी, हे सांगण्याची सोय नव्हती. रिपब्लिकनांनी इतकी शिस्त पाळली की जेफर्सन आणि त्यांचेच जोडीदार एरन बर या दोघांना ७३-७३ मतं पडली. अ‍ॅडम्स ६५ वर थांबले. इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. गुलामांना मताचा हक्क नव्हता, तरी त्यांची तीन-पंचमांश संख्या धरून दक्षिणेला जादा निर्वाचक मिळत होते, आणि जेफर्सन यांच्या विजयाला त्याचा मोठा हातभार लागला.

बरोबरीचा निकाल प्रतिनिधीगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत होतं आणि सोळांपैकी नऊ राज्यं लागत होती. पस्तीस फेऱ्या झाल्या, निकाल लागेना. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात नागरी सेना सज्ज करण्याची भाषा सुरू झाली. हॅमिल्टन यांनी आपल्या पक्षाला कळवळून लिहिलं की जेफर्सन परवडले, बर नकोत. अखेर डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड या फेडरलिस्टानं बर यांचा नाद सोडला, आणि १७ फेब्रुवारी १८०१ रोजी छत्तिसाव्या फेरीत जेफर्सन निवडून आले. ४ मार्चला त्यांचा शपथविधी झाला. अ‍ॅडम्स त्याला थांबले नाहीत, पहाटेच शहर सोडून गेले. पण सत्ता त्यांनी सोडली. या पिढीचं सर्वांत मोठं कर्तृत्व मी यालाच मानतो: एकमेकांना देशद्रोही म्हणणाऱ्या दोन पक्षांत सत्तांतर झालं, आणि एकही गोळी सुटली नाही.

१८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनं राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी वेगळं मतदान सुरू केलं. राजकीय पक्षांचा उल्लेख घटनेत आजही नाही, पण ही दुरुस्ती पक्ष असणारच हे गृहीत धरून केलेली आहे.