पडद्यावरचा गळ

संगणकावरचा खेळ म्हटला की बंदुका आणि धावपळ एवढेच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ मात्र शेतीचा आहे. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने तो एकट्याने तयार केला. 2016 च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. यात आपण शेतकऱ्याची भूमिका घ्यायची. सुरुवातीला हाती 500 मोहरा आणि थोडे बियाणे असते. पीक येईपर्यंत चार पैसे मिळवायचे तर मासेमारी हा चांगला मार्ग. पण नेमके तिथेच पुष्कळ नवशिके कंटाळून खेळ सोडतात. म्हणून ही विद्या मला उमगली तशी सांगतो.

वसंत ऋतूच्या दुसऱ्या दिवशी विली नावाच्या कोळ्याचे पत्र येते. समुद्रकिनारी गेलात की तो बांबूची काठी देतो. बटण दाबून धरले की जोर भरतो, सोडले की गळ पाण्यात पडतो. मग वाट पाहायची. डोक्यावर उद्गारचिन्ह उमटताच पुन्हा बटण दाबायचे.

आता एक उभी पट्टी दिसते. तीत मासा वरखाली पळत असतो आणि एक हिरवा पट्टा असतो. बटण दाबले की पट्टा चढतो, सोडले की उतरतो. मासा पट्ट्यात असेपर्यंत शेजारचे माप भरते. बाहेर गेला की ओसरते. माप भरले तर मासा आपला, संपले तर तो निसटला.

खरी मेख अशी की, या पट्ट्याला जणू वजन आहे. बोट उचलल्यावरही तो क्षणभर वर जातो. उंचावरून पडला तर तळाशी आपटून उसळतो. म्हणून माशापर्यंत पोचण्याआधीच बोट सोडावे आणि तिथे टिकून राहण्यासाठी बटण हलके हलके टिचकीसारखे दाबावे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे चटकन कळेल. नुसती खेच कामाची नाही, ढीलही देता आली पाहिजे.

माशांचे स्वभावही निरनिराळे. सार्डिन झटके मारतो, ट्यूना संथ सरकतो, ऑक्टोपस तळाकडे ओढ घेतो. काठीची विद्या वाढली की पट्टा लांब होतो. पण ती वाढते मासे हाती लागल्यावर, निसटल्यावर नव्हे. शिवाय नवशिक्याची दिवसाची शक्ती 270 आणि गळ टाकण्याचा खर्च 8. तेव्हा आरंभी समुद्राचा हट्ट धरू नये. डोंगरातल्या तळ्यावर जाऊन कार्प धरावा; तो शांत असतो. आपले रोहू, कटला याच कुळातले. विलीच्या दुकानात 25 मोहरांना शिकाऊ काठी मिळते. तिने साधेच मासे लागतात, पण पट्टा बराच मोठा असतो.

आमच्या सिल्वासाजवळून दमणगंगा वाहते. मधुबन धरणाचे पाणी दुधनीपर्यंत पसरले आहे. खऱ्या पाण्यावर गळ टाकणारा तासन्‌तास बसतो, खेळात काही सेकंदांत मासा लागतो. एवढा फरक असूनही बॅरोनने एक गोष्ट खरी उचलली आहे: मोठा मासा नुसत्या जोराने ओढला तर दोरी तुटते, त्याला दमवत, ढील देत आणावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, दहा-वीस मासे निसटले तरी काठी टाकू नका. परीक्षा जवळ आली की मात्र ती खुंटीला टांगून ठेवा!