कळसूबाईच्या माथ्यावर बंद केलेली बाटली

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो. तो त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. होटगी जंक्शनच्या परिसरात ही उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. सपाट माळरानावर वाढलेल्या इथल्या मुलांना आपण इतक्या उंचीवर राहतो हे सांगितले, तर त्यांना नवल वाटते. आता महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर घेऊ. अकोले तालुक्यातील कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. होटगीचे चार मित्र पाठीवर सॅक टाकून बारी गावातून शिड्यांच्या वाटेने माथ्यावर पोचले, की ते आपल्या गावापेक्षा सुमारे १२०० मीटर वर असतात. या १२०० मीटरमध्ये काय बदलते?

हवेला वजन असते, हे पाठ्यपुस्तकात असते. पण ते मुलांना पटत नाही. त्यासाठी कडब्याच्या गंजीचा दाखला उपयोगी पडतो. गंजीतल्या सर्वांत खालच्या पेंढ्या वरच्या भाराने दबून घट्ट होतात, वरच्या पेंढ्या सैल राहतात. हवेचेही तसेच आहे. आपण गंजीत जसजसे वर चढू, तसतसा डोक्यावरचा भार कमी होतो आणि हवा विरळ होते.

ही गोष्ट प्रथम प्रत्यक्ष तपासली गेली ती १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रान्समध्ये. ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए हा गावातल्या काही मंडळींना घेऊन प्यूई द डोम हा डोंगर चढला. हा डोंगर १४६५ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईहून थोडा ठेंगणाच. माथ्यावर नळीतला पारा पायथ्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटरने खाली आला. पेरिएने दुसरी नळी पायथ्याशीच ठेवली होती आणि दिवसभर तिच्यावर एका धर्मगुरूला लक्ष ठेवायला सांगितले होते. ती नळी जागची हलली नाही. त्यामुळे फरक हवामानाचा नव्हे, उंचीचाच, हे ठरले. तुलनेसाठी एक नळी मागे ठेवण्याची ही युक्ती मुलांना अवश्य सांगावी.

आपल्या मित्रांकडे पाऱ्याची नळी नसेल, तरी पाण्याची एक लिटरची पातळ प्लॅस्टिकची बाटली असते. ती माथ्यावर रिकामी व कोरडी करून झाकण घट्ट लावावे आणि तशीच होटगीला आणावी. बाटली चेपलेली दिसेल. पाण्याने भरलेल्या बादलीत ती उलटी धरून झाकण पाण्याखाली उघडावे. पाणी आपोआप आत शिरेल. ते मापाने मोजले, तर साधारण १०० ते १३० मिलीलिटर भरेल. कारण होटगीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७२ सेंटिमीटर असतो आणि कळसूबाईवर सुमारे ६२. म्हणजे माथ्यावरच्या प्रत्येक श्वासात होटगीच्या श्वासापेक्षा जवळजवळ आठव्या हिश्शाने हवा कमी असते. पेरिएप्रमाणे एक बाटली होटगीतच बंद करून ठेवावी. ती चेपणार नाही.

दाब कमी झाला की पाणीही लवकर उकळते. होटगीला ते सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांना, तर कळसूबाईवर सुमारे साडेचौऱ्याण्णव अंश सेल्सियसला उकळेल. म्हणून माथ्यावर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. पूर्वी भूमापक पाण्याचा उत्कलनबिंदू पाहून डोंगराच्या उंचीचा अंदाज बांधत.

इथवर सारे गमतीचे आहे. कळसूबाईवर दम लागतो तो मुख्यतः चढाने आणि पाठीवरच्या ओझ्याने. विरळ हवेचा त्यात वाटा थोडा. पण तेच मित्र पुढे हिमालयात जातात, तेव्हा हिशेब बदलतो. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्केच असतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही २१ टक्केच. पण श्वासात हवाच कमी, म्हणून ऑक्सिजनही कमी.

शरीर यावर पहिला उपाय करते तो जलद श्वासाचा. त्याने ऑक्सिजन वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जाऊन रक्त अल्कधर्मी होते आणि श्वासाला पुन्हा लगाम बसतो. मूत्रपिंडे हा तोल सावरतात. मात्र त्यांना काही दिवस लागतात. ही सवड न देता वर गेल्यास, साधारण २५०० मीटरच्या पुढे डोके दुखणे, मळमळ, थकवा, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे सांगतात.

दणकट, व्यायाम केलेला मुलगा या त्रासातून सुटतो असे नाही. उलट तोच घाईने वर जातो, आणि मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून डोकेदुखी लपवतो. धोका इथे आहे. बसल्या जागी धाप लागणे हे फुप्फुसात पाणी साठू लागल्याचे, तर सरळ रेषेत चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला सोबतीसह ताबडतोब खाली आणावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. तोल गेलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. ती सोबत्यालाच ओळखावी लागते.

म्हणून सहलीला निघण्यापूर्वी वर्गात दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. ज्याला त्रास होईल त्याने लगेच सांगायचे, आणि एक जण परतला तर त्याला कोणी हसायचे नाही. चेपलेली बाटली वर्गातल्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना हवेचा दाब शिकवताना ती कामी येईल.